कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर: एकही वायर न कापता

डग्गा

नमस्कार मंडळी. गेल्या दोन महिन्यांतले शनिवार-रविवार या कामात गेले. ते आता पुरं झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. महिन्यातून एकदा आम्ही पुण्याहून कोल्हापूरला जातो आणि पूर्ण वाटेत अभंग आणि ख्याल चालू असतात. नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच फेरीत कऱ्हाडच्या अलीकडे ते म्हणाले, "पखवाज नुसता टकटक वाजतोय रे, घुमत नाही." त्यांचं बरोबर होतं. आवाज वाढवला तर थाप फाटायची, कमी केला तर पखवाजाची डावी, खर्जाची बाजू गायबच व्हायची.

सेट बदलायचा नव्हता. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, टायरच्या हवेची सूचना, सगळं त्याच स्क्रीनमधून चालतं. शिवाय गाडी वॉरंटीत आहे आणि वायरिंग कापलेलं दिसलं की इलेक्ट्रिकलच्या तक्रारीत वाद होतो. म्हणून ठरवलं, सेट आहे तसा ठेवायचा, एकही मूळ वायर कापायची नाही आणि उद्या सगळं काढलं तर गाडी होती तशी व्हायला हवी.

कंपनीच्या सेटची ताकद किती, हे आधी पाहू. खोक्यावर '४ × ४५ वॉट' असं काहीतरी असतं. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. सेटमधली चिप त्यातले साधारण १३ स्पीकरपर्यंत पोचवते, तेही लहरीच्या शिखराला. त्याचे आरएमएस, म्हणजे प्रत्यक्ष कामी येणारे, होतात ९.२ व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरवर ९.२ चा वर्ग भागिले ४, म्हणजे २१ वॉट. यापुढे नॉब फिरवला की लहरीचा माथा छाटला जातो. थाप फाटते ती इथे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण धरून चालतो की स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ. गाडीच्या सेटमध्ये तसं नसतं. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा डीसी उभा असतो आणि दोन्ही एकमेकींच्या उलट हलतात. स्वतः मोजून बघा: सेट चालू, आवाज शून्य, मल्टिमीटर डीसीवर, काळा प्रोब बॉडीला आणि लाल प्रोब स्पीकरच्या कुठल्याही वायरीला. मला ६.८ व्होल्ट मिळाले. त्याच जोडीतल्या दोन वायरींच्या मधे मात्र शून्य. म्हणजे यातली एकही वायर बॉडीला टेकवायची नाही, नाहीतर सेटची चिप जाऊ शकते.

कंपनीच्या सेटला मागे आरसीए (कमी व्होल्टचा सिग्नल देणारे) आउटपुट नसतात, असतात त्या फक्त स्पीकरच्या जोड्या. मग दोन वाटा उरतात. एक, लाइन आउटपुट कन्व्हर्टर, म्हणजे एलओसी, मधे टाकायचा. तो स्पीकरच्या पातळीचा सिग्नल आरसीएच्या १-२ व्होल्टवर आणतो. दुसरी वाट म्हणजे स्पीकरची पातळी थेट घेणारा, हाय लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प. मी दुसरी निवडली, कारण जोड जितके कमी तितकी पुढची डोकेदुखी कमी. माझा अ‍ॅम्प चार चॅनलचा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा), ४ ओहमला ६० वॉट आरएमएस. पुढचे दोन चॅनल पुढच्या दारांना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिकीतल्या १० इंची वूफरला. ब्रिज केल्यावर १८० वॉट मिळतात. पेटी बंद आहे, पोर्टवाली नाही. पोर्टच्या पेटीत थापेला शेपूट येतं आणि पखवाजाला ते चालत नाही.

सेटच्या मागे लागणाऱ्या कपलरची (वायरींच्या प्लगची) मेल-फिमेल जोडी वेगळी विकत मिळते. ती गाडीच्या लूमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) आणि सेटच्या मधे बसवली. पुढच्या जोड्यांचा सिग्नल त्या जोडीतून अ‍ॅम्पकडे नेला आणि अ‍ॅम्पचं आउटपुट त्याच जोडीतून परत दारांच्या मूळ वायरींना दिलं. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवला नाही. पांढरा-करडा-हिरवा-जांभळा हा संकेत बाहेरून घेतलेल्या सेटच्या लूममध्ये असतो, गाडीच्या मूळ लूममध्ये प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. कपलर सेटपासून सोडवून १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल जोडीला क्षणभर टेकवला. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या स्लीव्हच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं.

आता पॉवर. ६० + ६० + १८०, एकूण ३०० वॉट. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३७५ वॉट लागतील. १३.८ व्होल्टवर ते २७ अँपिअर होतात. मी १६ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची मऊ केबल घेतली, ५ मीटर. तिच्यात पूर्ण भाराला ०.१६ व्होल्ट पडतात. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या अंतरात, ४५ सेंटिमीटरच्या आत. पॉवर केबल डाव्या दाराखालच्या पट्टीतून नेली, सिग्नलच्या वायरी उजवीकडून.

गेनबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हे आधीच लांबलं.

कासारसाई

फार उपयोगी धागा. रिमोट वायरचं, म्हणजे अ‍ॅम्प चालू-बंद करणाऱ्या वायरचं, काय केलंत? कंपनीच्या सेटला निळी-पांढरी वायर नसते. माझ्या आधीच्या गाडीत बसवणाऱ्याने रिमोट थेट बॅटरीच्या प्लसला जोडून दिली होती. दर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी गाडी बंद. बॅटरी बदलली तरी तेच.

डग्गा

तुमच्या बाबतीत अ‍ॅम्प रात्रभर जागा राहत होता. काही वाजत नसतानाही अ‍ॅम्प अर्धा ते एक अँपिअर ओढतो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. पाऊण अँपिअर धरला तर ४७ तासांत ती पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. बॅटरीचा दोष नव्हताच.

माझा अ‍ॅम्प स्पीकरच्या वायरींवरचा तो ६.८ व्होल्टचा डीसी ओळखून स्वतःच जागा होतो. ती सोय नसेल तर आतल्या फ्यूजबॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज शोधायचा आणि त्यात फ्यूज टॅप लावून तिथून रिमोट घ्यायची. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या फ्यूजमधून घेऊ नका. सिगारेट लायटरचा किंवा चार्जरचा फ्यूज बरा.

आता गेन. हा व्हॉल्यूमचा नॉब नाही. सेटच्या कमाल स्वच्छ आवाजाला अ‍ॅम्पही त्याच्या कमाल स्वच्छ पातळीवर यावा, एवढंच त्याचं काम. म्हणून सेट कुठपर्यंत स्वच्छ आहे हे आधी शोधावं लागतं. पेनड्राइव्हवर ५० आणि २०० हर्ट्झचे ० डीबीचे, म्हणजे पूर्ण पातळीचे, टोन घेतले. १००० हर्ट्झचा टोन मुद्दाम टाळला, साध्या मल्टिमीटरचं एसी माप ४०० हर्ट्झच्या पुढे विश्वासाचं नसतं. सेटचा आवाज दोन-दोन पायऱ्यांनी वाढवत स्पीकरच्या जोडीवर व्होल्ट मोजले. ४० पैकी २२ पर्यंत दोन्ही टोन बरोबरीने चढले. पुढे २०० चढत राहिला आणि ५० मागे पडत गेला. म्हणजे छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून सेट स्वतःच बेस कापतो. बाबांची तक्रार होती ती हीच! म्हणून माझी हद्द २२.

त्या २२ वर, स्पीकर सोडवून, अ‍ॅम्पच्या आउटपुटला व्होल्ट बघत गेन हळूहळू वाढवायचा. आकडा काढायचा असा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. दारांसाठी ६० गुणिले ४, वर्गमूळ १५.५ व्होल्ट, इथे २०० हर्ट्झचा टोन. वूफरसाठी १८० गुणिले ४, वर्गमूळ २६.८, इथे ५० चा. तिथे थांबायचं.

बॉडीअर्थ

डग्गाजी, मनापासून लिहिलंय. मी २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, त्यातून दोन-चार गोष्टी.

फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, केबलला वाचवायला असतो. अ‍ॅम्पला स्वतःचा फ्यूज असतोच. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या केबलचं साल कुठे पत्र्यावर घासून गेलं, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर सोडते आणि केबल लाल होते. फ्यूज डिकीत लावला असेल तर त्याचा काही उपयोग नाही, शॉर्ट त्याच्या अलीकडे झालेला असतो. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, गालिचा जळून पत्रा दिसत होता. माणसं वेळेत बाहेर पडली. तेव्हापासून बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर मी दुसरं कुठलंही काम आधी हातात घेत नाही.

केबल विकत घेताना नीट बघा. जाड, मऊ, पारदर्शक सालाची, स्वस्त केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं, म्हणजे त्याच कामाला दीडपटीहून जास्त जाडी हवी. शिवाय थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) ते कालांतराने दबतं आणि जोड सैल होतो. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाली तर समजा. किंवा लायटरवर धरा, तांबं लाल होऊन तसंच राहतं, अ‍ॅल्युमिनियमची बारीक तार गळून पडते. तपकीर गल्लीत काय किंवा लॅमिंग्टन रोडला काय, हे दुकानातच करून बघायला लाजू नका.

अर्थसाठी पत्रा चकाकेपर्यंत रंग खरवडायचा, दातेरी वॉशरसकट थिंबल पक्कं आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा रंग लावायचा, नाहीतर आपल्या पावसात गंज धरतो. अर्थची वायर पॉवरइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. तो ठरावीक ताणाने आवळलेला असतो, माणसाचा जीव त्याच्यावर आहे.

हल्ली बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. अ‍ॅम्पची अर्थ थेट टर्मिनलला, सेन्सरच्या अलीकडे जोडली तर तो करंट सेन्सरला दिसत नाही. मग बॅटरीत किती चार्ज आहे हा गाडीचा हिशेब चुकतो आणि आयडल स्टॉप-स्टार्ट (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) विचित्र वागू लागतं. अर्थ बॉडीलाच द्या.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. तुम्ही सेटची पुढची जोडी पूर्ण सोडवून अ‍ॅम्पकडे वळवली. काही सेट स्पीकरचा भार तपासतात आणि भार दिसला नाही की ते चॅनल बंद करतात. तुमच्या अ‍ॅम्पच्या इनपुटला तो भार असेल म्हणून चाललं. कुणाचा सेट गप्प झाला तर प्रत्येक जोडीवर ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावून बघा. गरम होतो, म्हणून प्लॅस्टिकला टेकवू नका.

सातारकरीण

बॉडीअर्थ काका, मदत करा. मी एलओसी आणि दोन चॅनलचा अ‍ॅम्प बसवून घेतलाय. गाणं छान वाजतं, पण मागे सतत "ऊंऽऽ" असा बारीक सूर लागतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. बसवणाऱ्याने तीनदा बघितलं आणि आता आरसीएमध्ये एक फिल्टर टाकूया म्हणतोय.

बॉडीअर्थ

ताई, फिल्टर आत्ता नको, त्याने बेसही जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. सूर इंजिनबरोबर चढतोय म्हणजे अल्टरनेटरचा आवाज अर्थमधून सिग्नलमध्ये शिरतोय. दोन तपासण्या करा.

पहिली, इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पच्या मागच्या दोन्ही आरसीए काढा. सूर गेला तर दोष अ‍ॅम्पच्या आधी किंवा दोघांच्या अर्थमध्ये आहे. नाही गेला तर अ‍ॅम्पच्या पॉवरमध्ये.

दुसरी, आरसीए परत लावा. मल्टिमीटर डीसीवर, एक प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थच्या स्क्रूला, दुसरा लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू, गाणं मोठ्याने. ०.१ च्या आत यायला हवं. एलओसीची अर्थ कुठे दिलीय तेही सांगा.

सातारकरीण

केलं. आरसीए काढल्यावर सूर गेला. अर्थवर ०.६ व्होल्ट येतात. अ‍ॅम्पची अर्थ स्टेपनीच्या हुकाच्या बोल्टला आहे. एलओसी डॅशबोर्डच्या मागे आहे आणि त्याची अर्थ तिथेच कुठल्यातरी ब्रॅकेटला.

बॉडीअर्थ

सापडलं. ०.६ म्हणजे अ‍ॅम्पची "जमीन" एलओसीच्या जमिनीपेक्षा वर आहे आणि तो फरक आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहतोय. त्या बोल्टखाली रंग आहे, बहुतेक सीलंटही. डिकीत बाजूच्या पत्र्यावर नवी जागा धरा, ड्रिल करण्याआधी पलीकडे काय आहे ते गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी तिकडेच असते. एलओसी डिकीत अ‍ॅम्पशेजारी आणा. स्पीकरच्या पातळीचा सिग्नल लांब नेला तरी त्याला आवाज सहज चिकटत नाही, आरसीएचा चिकटतो. दोघांची अर्थ एकाच बोल्टला.

सातारकरीण

काका, सूर गेला! इंजिन चालू ठेवून, कान स्पीकरला लावून ऐकलं, शांत. अर्थवर आता ०.०४. बसवणारे दादाही सोबत बसून शिकले, म्हणाले यापुढे बोल्ट खरवडूनच लावेन. तुमचे खूप आभार.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. माझ्या २०१३ च्या जपानी सेडानमध्ये वूफर लावल्यावर एक वेगळंच प्रकरण झालं. गाणं बंद केलं तरी सत्तर-ऐंशीच्या वेगाला डिकीतून घुमणारा "हूंऽऽ" यायचा, अर्थ सगळ्या नीट असूनही. त्या गाडीत इंजिनाची घुमघुम मारण्यासाठी अ‍ॅक्टिव्ह नॉइज कंट्रोल आहे. छतातले माइक आवाज ऐकतात आणि गाडी स्पीकरमधून त्याचा उलटा आवाज सोडते. तिचा सगळा हिशेब मूळ स्पीकरांवर बेतलेला. सिग्नल अ‍ॅम्पमधून कितीतरी पट मोठा होऊन बाहेर पडला की माइक तोच परत ऐकतात आणि चक्र सुरू होतं. त्या प्रणालीचा कपलर काढून ठेवल्यावर थांबलं. ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी अर्थ शोधत बसण्याआधी हे तपासावं.

कासारसाई

एक मूळ शंका. फक्त दारातले स्पीकर बदलले असते तर भागलं नसतं का? एवढी केबल ओढायची वेळच आली नसती.

वाडीचा_वारा

माझ्या मते पहिला खर्च दारांच्या डॅम्पिंगवर करावा. दाराचा आतला पत्रा भोकाभोकांचा असतो, स्पीकरच्या मागची लहर त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लहरीला खाऊन टाकते. ब्यूटिल शीटने भोकं बंद केली की तोच जुना स्पीकर भरून वाजतो. फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. कोकणात आमच्या एका नातेवाइकांनी तीही बुजवली आणि एका पावसाळ्यात दार खालून सडलं.

डग्गा

वाऱ्याशी शंभर टक्के सहमत. डॅम्पिंग मी आधीच केलं होतं, त्यानेच निम्मा फरक पडला. कासारसाई, स्पीकर बदलून वरचा आवाज स्वच्छ होतो, सतार आणि टाळ छान येतात. पण सेट २२ च्या पुढे बेस कापतो म्हटल्यावर स्पीकर कितीही चांगला असो, जे येतच नाही ते तो कुठून वाजवणार? ज्यांना मंद आवाजात ऐकायचंय त्यांनी डॅम्पिंग आणि स्पीकरवरच थांबावं, हे मी खरंच सांगतो.

नदीपल्याड

पावसाळा आणि उंदीर यांबद्दल कुणी लिहिलं नाही. बॉनेटमधून केबल आत नेताना गाडीच्या मूळ लूमच्या रबर ग्रोमेटमधूनच न्या, नवं भोक पाडलं तर त्यात ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची कड केबलचं साल कापते. केबलला ग्रोमेटच्या आधी खाली झोक द्या, म्हणजे पाणी झोकाच्या तळाशी ठिबकतं, आत शिरत नाही. बॉनेटमधली सगळी लांबी खाचा असलेल्या काळ्या प्लॅस्टिक पाइपमध्ये घाला. उंदीर पाइपही कुरतडतात, पण केबलपर्यंत पोचायला वेळ लागतो तेवढ्यात आपलं लक्ष जातं. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघाच.

डग्गा

धन्यवाद, झोक माझ्या केबलला नव्हता. आज सकाळी दिला.

काल कोल्हापूरला जाऊन आलो. दारांना ८० हर्ट्झच्या खाली कट आणि वूफरला ८० च्या वर कट, असं ठेवून निघालो होतो. खंबाटकी ओलांडेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पखवाज आता घुमतोय, पण तो मागच्या सीटवर बसून वाजवतोय, गवई पुढे आणि साथ मागे. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा वूफरचा कट ८० वरून ६५ वर आणला, पातळी थोडी कमी केली आणि फेजचा (वूफरचा पडदा उलट दिशेने हलवणारा) स्विच उलटा करून बघितला. उलट्या फेजला थाप एकदम समोरच्या काचेपाशी आली. दारांकडे मुद्दाम बघितलंच नाही, ते ८० वरच राहू दिले. कऱ्हाडपर्यंत बाबा मांडीवर ठेका धरून होते.

फेजचा स्विच चालत्या गाडीत, सोबत्याला ऐकायला लावून तपासा. घरासमोर उभ्या गाडीत मला दोन्हीकडे सारखंच वाटलं होतं.

कासारसाई

ठीक, मग डॅम्पिंगपासून सुरुवात करतो. केबल सोडून सगळा खर्च किती आला ते तेवढं सांगा.

डग्गा

अ‍ॅम्प, वूफर आणि पेटी, कपलरची जोडी, चार दारांची शीट: ३१,००० च्या आत. केबल आणि फ्यूज होल्डर वेगळे, तिथे काटकसर करू नका.